नागीण वाळली, आग का राहिली?

नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, हा धाक गावांत अजून ऐकू येतो. मग गेरू लावतात, कुणाकडून नागीण उतरवून घेतात. वास्तविक नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा उठाव. तो मणक्यालगतच्या चेतापेशींत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि बहुधा एकाच चेतेच्या पट्ट्यात, एकाच बाजूला उठतो. त्यामुळे विळखा सहसा पुरा होतच नाही.

खरा त्रास पुढचा. फोड वाळतात, पण काहींची आग महिनोन्महिने राहते. सदऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवत नाही. मधुमेहींच्या तळपायांची आगही याच जातीची. इथे चेताच दुखावलेली असते, म्हणून सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर उलट अपायच.

मग डॉक्टर अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतात. घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं, ‘डिप्रेशनची गोळी’ असं वाचतं आणि पाकीट तसंच पडून राहतं. ‘आम्हाला काय वेड लागलंय?’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मेंदू वेदनेची खबर नुसती घेत नाही, ती अडवतोही. मध्यमेंदू आणि मेंदूच्या देठातून निघालेले मार्ग मज्जारज्जूच्या मागच्या भागात उतरतात. शरीराकडून आलेली वेदनेची खबर जिथून वर जाते, तिथेच हे मार्ग नॉरॲड्रिनॅलिन, सेरोटोनिन ही रसायने सोडतात. नॉरॲड्रिनॅलिन ती खबर क्षीण करते. या गोळ्या त्याला तिथे जास्त वेळ टिकवतात. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यावरचा डोस याहून बराच मोठा असतो.

१९६९मध्ये संशोधक डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूत विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. मेंदूत वेदना रोखणारी यंत्रणा आहे, याचा तो ठळक पुरावा ठरला. मात्र हेच मार्ग कधी वेदना वाढवतातही. तुटलेली झोप आणि भीती त्याला हातभार लावतात. पण म्हणून ‘तुझं दुखणं मनाचं आहे’ असं रुग्णाला सुनावणं चूक आणि क्रूरही.

गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि प्रत्येकालाच तो येतो असं नाही. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा. गोळी मनानेच एकाएकी बंद करू नये. आणि नागीण उठली तर गेरूत दिवस न घालवता लगेच दवाखाना गाठावा. विषाणूरोधक औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेलं बरं.