मासेमारीचा वेडर : स्वस्त कोणता, महाग कोणता?

सेलू तालुक्यातील वालूरच्या परिसरात मासेमारीचे जवळचे मोठे पाणी म्हणजे ब्रह्मवाकडीचे निम्न दुधना धरण. पूर्णेवरचे येलदरी थोडे दूर. आपल्याकडे मासेमार बहुधा अर्ध्या चड्डीवरच पाण्यात उतरतो आणि उन्हाळ्यात तेच बरे. पण परभणीच्या हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे दोन-तीन तास कमरेइतक्या पाण्यात जाळे ओढणाऱ्याला वेडर, म्हणजे बुटासह छातीपर्यंत येणारा जलरोधक पोशाख, घ्यावासा वाटतो. गढूळ तळ्यात काम करणाऱ्याच्या पायांच्या कातडीलाही त्याने आराम पडतो.

पहिला प्रश्न कापडाचा. नुसत्या पातळ पीव्हीसीचा वेडर सर्वांत स्वस्त. पण उन्हात तो कडक होतो आणि घडीवर तडकतो. निओप्रीन थंड प्रदेशासाठी आहे, आपल्याकडे त्यात माणूस घामाने भिजेल. हवा खेळणारे कापड महाग आणि काट्याला नाजूक. जलाशयाच्या काठच्या पाण्यात बाभळीची खुंटे आणि काटे असतातच. तेव्हा नायलॉनवर पीव्हीसीचा थर दिलेले जाड कापड आपल्या कामाला योग्य.

दुकानात आधी शिवण पाहावी. दोन पायांच्या मधला भाग आणि बूट जोडलेली जागा येथूनच गळती सुरू होते. घालून उकिडवे बसावे. कापड ताणले तर एक माप मोठे घ्यावे. बूट मात्र सैल नको, काळ्या चिखलात पाय निघतो आणि बूट रुततो. अंधारात आत बॅटरी धरली की बारीक भोके बाहेरून दिसतात. पक्के बिल मागावे.

किमतीचा हिशेब हंगामावर करावा. समजा, हजाराचा वेडर एका हंगामात फाटला आणि दोन हजारांचा चार हंगाम टिकला, तर दुसरा हंगामाला पाचशेतच पडला. मात्र वर्षातून चार वेळा पाण्यात उतरणाऱ्याने हा खर्च करूच नये. त्याला गुडघाभर गमबूट पुरे. पीव्हीसी कापडाला सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन नीट धरत नाही, त्यासाठी पीव्हीसीचाच डिंक लागतो. वापरानंतर आतून-बाहेरून सावलीत वाळवावा आणि घडी न घालता टांगावा.

आता जी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. धरणाच्या पोटात शेते जातात, त्यांच्या विहिरीही जातात. पाय अशा खड्ड्यात गेला की छातीवरून पाणी आत शिरते. आत भरलेले पाणी माणसाला दगडासारखे बुडवत नाही, पण पाय हलत नाहीत आणि काठावर चढताना प्रत्येक लिटरमागे एक किलो ओझे अंगावर येते. म्हणून कमरेला घट्ट पट्टा हवाच. त्याने पाणी आत शिरणे कमी होते. खांद्याचे बक्कल एका हाताने सुटते का, हे घेण्यापूर्वी करून पाहावे. पोहता येत असले तरी तरंगते जाकीट घालावे, एकट्याने उतरू नये आणि पुढे काठीने तळ चाचपावा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर वेडर घालून उतरूच नये. तिथला उतार निसरडा असतो, रिकाम्या अंगानेही वर येणे कठीण जाते. पट्टा नसलेला वेडर दुकानदार अर्ध्या किमतीत देत असला, तरी तो तिथेच ठेवावा.