वाचले, पण समजले काय?



धडा घडाघडा वाचणारे मूल पाहिले की आपण म्हणतो, ‘पोरगं हुशार आहे हो!’ वाचन अडखळत नाही ही चांगलीच गोष्ट. पण शब्द ओठांवर आले म्हणजे अर्थ मनात उतरला, असे धरून चालता येत नाही.

शिक्षकबंधू म्हणतील, आम्ही प्रश्न विचारतोच की! पण प्रश्न कसले, तेही पाहावयास हवे. हे वाक्य ऐका: ‘रामाने पहाटे झिंटोरी कुमटवली आणि भेंडुल्यात ठेवली.’ आता सांगा, रामाने काय कुमटवले? झिंटोरी. कोठे ठेवली? भेंडुल्यात. पैकीच्या पैकी गुण! आणि वाक्याला अर्थ तर काडीचाही नाही. ते शब्द मी आत्ताच रचले. मराठीची ठेवण कानात बसलेल्या मुलाला असे उत्तर नुसते उचलून देता येते. धड्याखालचे पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली ही गोष्ट तपासली. त्यांनी मुलांपुढे शाळेच्या हजेरीचा एक नियम ठेवला. सात ते चौदा वर्षांच्या मुलाने शाळा भरेल त्या दिवशी आलेच पाहिजे. मात्र ते फार आजारी असेल, घरात कोणाला सांसर्गिक रोग असेल किंवा रस्ते बंद असतील, तर सूट. मग विचारले, दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी आले नाही तरी चालेल? नियम समोर लिहिलेला होता, तरी कित्येक उत्तरे भलतीकडेच गेली. प्रत्येक शब्दाला योग्य ते वजन देणे हा विचारच आहे, गणित सोडवण्यासारखा, असे त्यांचे म्हणणे पडले.

आपल्याकडचा मासला घेऊ. ‘मृगाची सर येऊन गेली. सदूने बोटांनी माती उकरून पाहिली आणि तिफण पुन्हा भिंतीला टेकवली.’ सदूने तिफण का टेकवली? उत्तर वाक्यात नाही. ओल खोल गेलेली नाही, हे मुलाने स्वतः जोडावयाचे. जो जोडतो, त्याला समजले. मात्र हा प्रश्न कोळीवाड्यातील मुलाला घालू नका बरं का! त्याने तिफण पाहिलीच नसेल, तर चूक वाचनाची नव्हे. त्याला जाळ्याचे, भरती-ओहोटीचे विचारा.

आणि उत्तर घरच्या बोलीत आले तर येऊ द्यावे. अहिराणीत किंवा मालवणीत अचूक सांगणारे मूल पुस्तकी मराठीत गप्प बसते, आणि आपण त्याला ‘ढ’ ठरवतो. हा अन्याय वर्गात रोज घडतो. भाषा सुधारावयाची ती दुसऱ्या तासाला.

आणखी एक सोय आहे. १९५३ साली विल्सन टेलर यांनी सुचवली. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळून मुलाला रिकाम्या जागा भरावयास सांगावे. वर्गात अर्थाला जुळणारा कोणताही शब्द मान्य करावा. फळा-खडूवर भागते.

ज्या आईबापांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही ही परीक्षा घेता येते. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा मजकूर मुलाकडून वाचून घ्या. मग डबा बाजूला ठेवून विचारा, ‘पंपात किती टाकायचं? फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही?’ मूल डब्याकडे पुन्हा पाहू लागले तर पाहू द्या. नेमकी ओळ हुडकणे हेही समजल्याचेच लक्षण. पण ते पहिल्यापासून सगळे घडाघडा म्हणू लागले, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या कानावर घाला.