पुराणातले अंतराळ आणि मराठी किशोर

मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण करून दादासाहेब फाळके १९१३ मध्ये नाशिकला आले आणि इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट केला. पुढे अनेक दशकांनी डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या एका विज्ञान कादंबरीला ‘अंतराळातील भस्मासुर’ असे नाव दिले. हेच नारळीकर डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या आडगावला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, तरी खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार असलेल्या लेखकाला तो मान मिळाला, हे महत्त्वाचे. पुराणाला पडद्यावर उडवणारा एक कलावंत आणि पुराणाचा शब्द घेऊन तारकांकडे पाहणारा एक शास्त्रज्ञ असे दोघे या शहराच्या इतिहासात आहेत. पण या दोघांच्या वाटा जिथे मिळायला हव्यात, ते दालन मराठीत जवळपास रिकामे आहे. हे दालन म्हणजे तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली, पुराणकथांतून उगवलेली अंतराळातली अद्भुत कादंबरी. ती लिहिली गेली पाहिजे, आणि पुराणाला विज्ञानाचा दाखला न बनवताच ती चांगली लिहिता येईल, असे माझे म्हणणे आहे.

आधी सामग्री पाहू. महाभारताच्या कर्णपर्वात त्रिपुराची कथा येते. मयासुराने तारकासुराच्या तीन मुलांसाठी तीन नगरे बांधली: सोन्याचे स्वर्गात, चांदीचे अंतरिक्षात आणि लोखंडाचे पृथ्वीवर. सहस्र वर्षांनी ती एकत्र येतात आणि तेवढ्या क्षणात एका बाणाने त्यांचा नाश होऊ शकतो. वनपर्वात शाल्वाचे आकाशात फिरणारे सौभ नगर आहे, बालकांडात त्रिशंकूसाठी दक्षिणेला नवी नक्षत्रे रचणारा विश्वामित्र आहे. यांत सर्वांत विलक्षण कथा रेवतीची. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गंधर्वांचे गाणे चाललेले असते, म्हणून थोडा वेळ थांबतो. गाणे संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो की पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात योजलेले वर तर सोडाच, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचीही नावे आता ऐकू येत नाहीत. एका चतुर्युगाची त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षे धरली, तर हा काळ ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांचा होतो. बापलेक परततात आणि रेवतीचे लग्न बलरामाशी लागते. विष्णुपुराण एवढेच जोडते की ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच होती. बलरामाने नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या मापाची केली.

ही कथा जवळून वाचली की एक गोष्ट खटकते. या सगळ्या प्रवासात रेवतीला कोणी काही विचारत नाही. तिच्या मैत्रिणी, तिचे घर, तिची नगरी एका गाण्याच्या अवधीत नाहीशी होते आणि शेवटी तिची उंचीसुद्धा दुसऱ्याच्या सोयीने ठरते. सोळा वर्षांच्या वाचकाला लागणारे सारे इथे आहे: आपल्याविषयीचे निर्णय दुसऱ्यांनी घेणे, ओळखीचे जग हातातून निसटणे आणि नव्या जगात बसण्यासाठी स्वतःला छाटून घ्यावे लागणे. जातककथा आणि बोधकथा लहानग्यांसाठी, आणि ‘मृत्युंजय’ किंवा ‘युगांत’ प्रौढांसाठी, अशी आपल्याकडे वाटणी आहे. हा मधला प्रश्न, मी कोण आणि मला कोण ठरवणार, तिच्यातून सुटून जातो. तो अंतराळात नेला की मोकळा होतो. कारण तिथे कुळ, गाव आणि काळ या तिन्ही गोष्टी लेखकाला नव्याने मांडाव्या लागतात.

हे करता येते याचा पुरावा बाहेर आहे. बंगळूरमध्ये वाढलेल्या आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या संगू मंदाण्णा यांनी २०१८ मध्ये ‘ए स्पार्क ऑफ व्हाइट फायर’ ही किशोरांसाठीची अंतराळ कादंबरी लिहिली. तिची त्रयी २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिचा आधार महाभारत आहे, पण कर्णाच्या जागी एस्मे नावाची मुलगी आहे, राज्ये अवकाशयानांवर वसलेली आहेत आणि स्पर्धेचे बक्षीस म्हणजे बोलणारे, अजिंक्य युद्धयान. २०१८ मध्येच रोशनी चोक्शी यांची ‘अरू शाह’ मालिका सुरू झाली; तिच्यात पांडवांचे आत्मे आजच्या मुलींमध्ये जन्म घेतात. ही पुस्तके इंग्रजीत असल्याने आपली इंग्रजी माध्यमातली मुले ती वाचतातच, मग मराठीत कशाला, असे कोणी म्हणेल. याला माझे उत्तर असे: ओव्या, कीर्तन, लोककथा यांतून मराठीने जो कर्ण, जी सीता घडवली, ती इंग्रजीत उतरत नाही. आपल्याच कथेची नवी आवृत्ती दुसऱ्या भाषेतून परत यावी, ही स्थिती भाषेला शोभणारी नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. अशा कादंबऱ्यांमुळे ‘आपल्याकडे विमाने होतीच’ या समजाला खतपाणी मिळेल, अशी भीती अनेक विज्ञानप्रेमींना वाटते, आणि ती निराधार नाही. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली याने उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. नाशिकजवळ ओझरला जी मिग विमाने बांधली गेली, ती धातू, इंधन आणि गणिताच्या हिशेबाने. पण या रोगावर पुराणकथा बंद ठेवणे हा उपाय नाही. उपाय नारळीकरांनी स्वतः दाखवला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवून पहिले बक्षीस मिळवणारा हा लेखक पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ अशी शीर्षके देतो. तोच शास्त्रज्ञ महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मंडळींसोबत फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतो आणि पत्रिका पाहून केलेले अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस नाहीत, हे दाखवून देतो. यक्ष आणि वामन त्यांनी कल्पनेच्या खात्यात ठेवले, पुराव्याच्या खात्यात नव्हे.

फाळक्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी हिने केली. चित्रपट सुरू होतो तेव्हा ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळक्यांनी चमत्कार दाखवण्याआधीच प्रेक्षकाला सांगून टाकले की ही एक मुलगी आहे आणि हा खेळ आम्ही रचला आहे. तरी प्रेक्षकांचा आनंद कमी झाला नाही. अद्भुत हे रचलेले आहे, हे माहीत असूनही त्यात रमता येते. किशोर वाचकाला तर ते अधिकच जमते. रेवतीची कथा वाचणाऱ्या मुलीला सापेक्षतेचा सिद्धांत पुराणकारांना ठाऊक होता असे सांगायची गरज नाही. वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मंद का चालते, हे तिने आइनस्टाइनकडून शिकावे. अशा प्रवासातून परतल्यावर माणसाच्या मनाचे काय होते, हे रेवतीकडून.

दुसरा आक्षेप धार्मिक भावनांचा आणि त्याच्या उलट टोकाचा तिसरा आक्षेप सामाजिक न्यायाचा. कथा बदलू नका, असे धार्मिक भावना जपणाऱ्यांचे म्हणणे. पण एकनाथांनी रामायण मराठीत आणताना ते आपल्या काळाच्या भक्तीने नव्याने घडवलेच. सामाजिक न्यायाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे अधिक जड आहे: या कथांच्या पोटात जन्मावर ठरलेली उतरंड आहे, ती अवकाशयानात भरून मुलांना का द्यायची? नाशिकला हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या पंचवटीत रामकथेच्या खुणा दाखवल्या जातात, तिथेच २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; मंदिराचे दार काही उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. म्हणूनच या कादंबरीने कर्ण, एकलव्य आणि शंबूक यांना बाजूला सारता कामा नये. तिची सुरुवातच तिथून व्हावी. रॉजर झेलाझ्नी यांनी १९६७ मध्ये ‘लॉर्ड ऑफ लाइट’ मध्ये तंत्रज्ञान मुठीत ठेवून देव होऊन बसलेली माणसे दाखवली आणि त्यांच्याविरुद्धचे बंड हाच कथेचा कणा केला. तंत्र कोणाच्या हाती आणि दाराबाहेर कोण, हा काळारामाचा प्रश्न अंतराळातही तसाच उरतो.

२०२७ च्या सिंहस्थात गुरू सिंह राशीत असताना गोदाकाठी लाखो लोक जमतील. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात, म्हणून हा मेळा साधारण बारा वर्षांनी येतो. अमृतकुंभाची कथा त्याच गतीला अर्थ देते. ग्रहाची गती आणि कुंभाची कथा ही दोन्ही मुलांना एकाच वेळी, एकीचा दुसरीत गोंधळ न करता देणे, हे आपल्या लेखकांचे काम आहे. दिवाळी अंकांनी मराठी विज्ञानकथेला आसरा दिला. आता त्यांनी किशोरांसाठी दीर्घ कथेची पाने राखावीत, प्रकाशकांनी भाषांतरांच्या बरोबरीने नव्या मराठी लेखनाला आगाऊ मानधन द्यावे आणि शाळांच्या ग्रंथालयांनी ती पुस्तके घ्यावीत. फाळके आणि नारळीकर यांचे स्मरण करायचे, तर त्यांनी अर्धे-अर्धे केलेले काम पुरे करणे, हाच त्याचा खरा मार्ग आहे.