एच-१बी : घरची पोरं की बाहेरची हुशारी?

गैरसमज : लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही, हे सिद्ध केल्यावरच कंपनीला एच-१बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसावर परदेशी उमेदवार घेता येतो.

ही अट साधारणपणे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डाची. आपल्याकडेही दोन्हींची सर्रास गल्लत होते. एच-१बीसाठी कंपनी श्रम खात्याकडे हमीपत्र भरते की, त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार आम्ही देऊ. त्याची सूचना कामाच्या जागी दोन ठिकाणी दहा दिवस लावायची, त्यात पद, पगार आणि जागा किती ते लिहायचं. चहा-कॉफीच्या यंत्राशेजारी डकवलेला हा कागद वाचतो कोण, ते सोडा.

आधी स्थानिक उमेदवार शोधण्याची सक्ती आहे ती एच-१बीवरच मदार असलेल्या कंपन्यांना. मोठ्या कंपनीत असे कर्मचारी १५ टक्के किंवा अधिक झाले की ती त्यात मोडते. पण तिथेही पळवाट आहेच. उमेदवाराला वर्षाला ६०,००० डॉलर द्या किंवा तो पदव्युत्तर असू द्या, की सक्ती गेली. हा आकडा १९९८ च्या कायद्यातला, तेव्हापासून तसूभर हललेला नाही. आज तिकडे सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यक पगार १,३०,००० डॉलरच्या वर आहे.

गैरसमज : ‘चालू पगार’ म्हणजे अमेरिकी सहकाऱ्याइतकाच पगार.

सरकारी तक्त्यात पगाराच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी १७ व्या शतमकावर, म्हणजे त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभरातल्या सुमारे ८३ जणांना त्याहून जास्त मिळतं. कंपनीने आपल्या तशाच कर्मचाऱ्यांना अधिक दिलं असेल, तर तेवढं द्यावं लागतं. पण काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवलं, की तुलना कंत्राटदाराच्याच माणसांशी. डिस्नेच्या ऑर्लँडोतल्या सुमारे २५० तंत्रज्ञांना कामावरून कमी करताना आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवायला लावलं, हे २०१५ मध्ये गाजलं, ते याच वाटेने घडलं. त्यांचा संताप खराच होता. मात्र दोष नियमाच्या भोकाचा होता, येणाऱ्या पोरांचा नव्हे.

गैरसमज : व्हिसा बंद केले की अमेरिकी तरुणांच्या प्रशिक्षणाला पैसा सुटेल.

उलट आहे. १९९८ च्या त्याच कायद्याने अर्जामागे प्रशिक्षण शुल्क बसवलं. तेव्हा ५०० डॉलर, २००४ पासून १,५००. पंचवीसपर्यंत कर्मचारी असतील तर ७५०. त्यातला निम्मा पैसा श्रम खात्यामार्फत अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणाला जातो, ३० टक्के गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना. म्हणजे बाहेरचा उमेदवार येतो तेव्हाच घरच्याच्या शिक्षणाला हातभार लागतो. तरी वर्षाच्या कमाल ८५,००० नव्या व्हिसांचा हिशेब केला, तर रक्कम जाते जेमतेम पावणेतेरा कोटी डॉलरवर. मुदतवाढीचं शुल्क वेगळं. एवढ्या मोठ्या देशाला ही चिल्लर आहे. शिकवायचं मनावर घेतलं तर कंपन्या शिकवतात: १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने २०१७ मध्ये दोन वर्षांत १०,००० अमेरिकी माणसं घेण्याची घोषणा केली आणि इंडियाना राज्यापासून केंद्रं उभारायला घेतली.

गैरसमज : आता दरवर्षी एक लाख डॉलर भरावे लागणार.

हे शुल्क लावणारा अमेरिकी सरकारचा सप्टेंबर २०२५ चा आदेश अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांपुरता, आणि रक्कम एकदाच भरायची. ‘दरवर्षी’ हा शब्द एका मंत्र्याच्या तोंडून निघाला, दुसऱ्याच दिवशी खुलासा झाला. तोवर विमानतळांवर जी पळापळ व्हायची ती होऊन गेली.

तेव्हा खरी लढत स्वस्त मजूर आणि रास्त पगार यांच्यातली आहे. घरच्या माणसाला शिकवायचं की बाहेरचा आणायचा, असं तिला रूप देणं राजकारण्यांच्या सोयीचं. पगाराची किमान पायरी वर नेली तर डिस्नेसारख्या प्रकारांतला फायदाच संपतो.

तुमच्या घरातलं कुणी या व्हिसावर निघालं असेल, तर हमीपत्राची प्रत मागून घ्या. रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात पगाराची पायरी कोणती ते पाहा. आणि प्रशिक्षण शुल्क तुमच्याकडून मागितलं, तर देऊ नका. ते कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे.