नाकाचं हाड खरंच वाढतं का?

दिवाळी झाली, इंदुरात थंडी पडू लागली, की मंडळाच्या बैठकीत शिंका आणि रुमाल सुरू होतात. मग कुणीतरी हमखास सांगतं, "आमच्या याच्या नाकाचं हाड वाढलंय." इथल्या हिंदीतही 'नाक की हड्डी बढ़ गई' असंच म्हणतात. मुलगा अकरावीत आहे, सारखी सर्दी असते, ऑपरेशन करून टाकावं का, असं एका सभासदांनी आम्हाला परवा विचारलं. म्हणून हे थोडं सविस्तर.

बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, पडदा वाकडा असतो. दोन नाकपुड्यांच्या मधला हा पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसं कमीच. कुणाचा जन्मापासून वाकडा, कुणाचा वाढीच्या वयात वाकतो, कुणाला लहानपणी चेंडू लागलेला असतो. पुष्कळांना त्याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

सायनसचंही तसंच. 'मला सायनस आहे' असं आपण म्हणतो, पण सायनस सगळ्यांनाच असतात! कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधला भाग आणि त्याच्या मागे, अशा हाडांतल्या या हवेच्या पोकळ्या. त्यांना सूज आली की तो आजार.

पोकळीत सतत पातळ चिकट द्रव तयार होतो आणि तो नाकात उतरावा लागतो. गालातल्या पोकळीची गंमत अशी, की तिचं तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. मोरीचं भोक छताजवळ ठेवावं तसं! अस्तरावरचे सूक्ष्म केस हा द्रव वर ढकलत नेतात. तोंड जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि ते नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, एका मांसल घडीखाली अरुंद बोळात उघडतं. पडदा नेमका तिथे वाकला तर ती घडी बाहेर ढकलली जाते आणि बोळ आणखी चिंचोळा होतो. एरवी निभावतं. सर्दी किंवा ॲलर्जीने अस्तर सुजलं, की वाट बंद. द्रव साचतो, हवा जात नाही, जंतू वाढतात. मग गाल-कपाळ जड होणं, घट्ट शेंबूड, वास न येणं.

म्हणजे पडदा किती वाकला यापेक्षा कुठे वाकला हे महत्त्वाचं. अगदी पुढे वाकला असेल तर नाक चोंदतं, पण सायनस ठणठणीत असू शकतात. आणि कधी उजवी, कधी डावी नाकपुडी बंद होत असेल तर सगळा दोष पडद्याला देऊ नका. दर काही तासांनी बाजू बदलणं हा निरोगी नाकाचाही स्वभाव आहे. पडद्यामुळे होणारा अडथळा बहुधा एकाच बाजूला ठाण मांडून असतो.

चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे थेंब घराघरांत असतात. ते चार-पाच दिवसांच्या वर घालू नयेत. सवय लागली की थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणं बरं. नळाचं पाणी तसंच वापरू नये. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, किंवा तापाबरोबर मान ताठणं, यांपैकी काही झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ऑपरेशन नाकपुडीतूनच होतं, चेहऱ्यावर टाका नसतो. पण त्याने पडदा सरळ होतो, ॲलर्जी जात नाही. धूळ-धुराने येणाऱ्या शिंका नंतरही येणारच. म्हणून आधी औषधांनी काही आठवडे पाहतात, दुर्बिणीने आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनने वाट कुठे अडली आहे ते तपासतात.

त्या अकरावीतल्या मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं. पडदा वाकडा आहेच, पण त्रास मुख्यतः ॲलर्जीचा निघाला. सध्या रोज स्प्रे आणि नाक धुणं चालू आहे. ऑपरेशनचं बारावीनंतर बघू, असं ठरलंय.