सस्पेन्शन स्पेसर

सस्पेन्शन स्पेसर ही मोटारगाडीचा सांगाडा चाकांच्या तुलनेत वर उचलण्यासाठी स्प्रिंगच्या टोकाशी किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावर बसवली जाणारी जाड चकती होय. ती पोलाद, ॲल्युमिनियम किंवा पॉलियुरेथेनची असते. मूळ स्प्रिंग न बदलता कमी खर्चात गाडी उंच करता येत असल्याने खडतर वाटांवर चालणाऱ्या गाड्यांना ती बसवली जाते.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील जावळी व पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या रांगा आहेत. तेथील कच्च्या वाटांवर उघडे खडक व ओढे लागतात, तर कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात खोल चाकोऱ्या पडतात. अशा ठिकाणी गाडीचे पोट टेकू नये, हा उंची वाढवण्याचा मुख्य हेतू असतो.

जुन्या जीप आणि मारुती जिप्सी यांना पुढेमागे कमानपाटे असत. पाट्यांच्या गाड्या उंच करण्यासाठी ॲक्सल व पाटा यांमध्ये ठोकळा घालणे किंवा लांब शॅकल बसवणे, हे उपाय केले जातात. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीत मात्र चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंग आहेत. चकतीच्या स्वरूपातील स्पेसर अशाच गाड्यांना लागू पडतो.

कार्य व मर्यादा

मागील अखंड ॲक्सलवर स्प्रिंगखाली ५० मिमी जाडीचा स्पेसर घातल्यास सांगाडा त्या ठिकाणी साधारण तितकाच उचलला जातो. पुढील बाजूस शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक आर्मच्या मधल्या भागावर टेकलेले असल्यास चाकापाशी मिळणारी उंची स्पेसरच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट असू शकते. म्हणून पुढचे व मागचे स्पेसर सारख्या जाडीचे नसतात.

स्पेसरमुळे स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नाही. तसेच अखंड ॲक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून पूर्वीइतक्याच उंचीवर राहतो. तो वर नेण्यासाठी मोठ्या व्यासाचे टायर लागतात. त्यामुळे वाटेच्या मधोमध उभा राहिलेला दगड स्पेसर बसवूनही मागील गोळ्याला लागू शकतो. मागील शॉक ॲब्सॉर्बर मूळचाच ठेवल्यास चाक खाली लोंबण्याची मर्यादाही घटते.

बसवण्याची पद्धत

गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडण लावतात. सांगाडा जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवला जातो. पुढील चाक काढून शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट व माथ्यावरील कडेचे नट सोडवतात. माथ्यावरील मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. तो सोडल्यास स्प्रिंग वेगाने सुटून प्राणघातक इजा होऊ शकते. स्पेसर बसवल्यावर उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनुसार बोल्ट आवळतात. रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळले जातात. शेवटी व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत खाली घेतात आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत, याची खात्री करतात.

स्थिरतेवरील परिणाम

दोन चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता गाडीचा स्थिरता गुणांक मिळतो. उदाहरणार्थ, चाकांमधील अंतर १.५ मीटर व गुरुत्वमध्याची उंची ०.७५ मीटर असल्यास हा गुणांक १ येतो. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेल्यास तो ०.९४ होतो. गुणांक जितका कमी, तितकी वळणावर गाडी उलटण्याची शक्यता अधिक. पसरणी, केळघर किंवा कुंभार्ली घाटातील वळणांवर हा फरक महत्त्वाचा ठरतो. याशिवाय ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढल्याने ते लवकर झिजतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सातारा (एमएच ११), कराड (एमएच ५०) व सांगली (एमएच १०) येथे नोंदलेल्या वाहनांनाही ही तरतूद लागू आहे.