मैत्रीत देवघेव कशाची?

जालना रोडवरची ‘एसएफएस’ ही तीन अक्षरे संभाजीनगरात पत्ता म्हणून पुरतात. शाळेचे हे नाव संत फ्रान्सिस द सेल्स यांचे. औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचे. या संताने मैत्रीवर सलग सहा प्रकरणे लिहिली आहेत. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलामुलींपर्यंत ती पोहोचायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

फ्रान्सिस (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप. पण ते शहर कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचा मुक्काम आनसी या गावी असे. ही प्रकरणे ज्यात आहेत ते, १६०९ साली निघालेले त्यांचे भक्तिजीवनावरचे पुस्तक मठवासीयांसाठी नव्हते. ते होते घरदार, बाजार, दरबार यांत वावरणाऱ्या सामान्य माणसांसाठी. पुढे त्याच आनसीत १८३८ मध्ये पीटर मेर्मिए यांनी संताच्या नावाने मिशनरी संघ काढला आणि त्या संघाचे धर्मगुरू मराठवाड्यात आले. घोगरगावच्या परिसरात लोक ज्यांना जाकिये बाबा म्हणत, ते फादर जाकिये याच संघाचे. औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९७७ साली.

फ्रान्सिस यांची कसोटी सोपी आहे. दोघे एकमेकांना काय देतात-घेतात, यावरून मैत्रीची प्रत ठरते. नुसते दिसणे, मजा आणि वाहवा यांचीच देवघेव असेल तर ती मैत्री पोरकट. एकमेकांमुळे दोघे अधिक खरे, अधिक दयाळू होत असतील तर ती मोलाची. मठात सगळेच एका वाटेचे असतात. जगात राहणाऱ्याला ती वाट चालायला मित्र लागतोच, असे ते म्हणतात.

पण आपल्या शहरातल्या कॅथलिक मुलाचे मित्र असतात कोण? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सगळे ख्रिस्ती मिळून ०.९६ टक्के. वर्गात त्याच्याशिवाय कॅथलिक एखादाच, कधी तोही नाही. बाकावर शेजारी हिंदू, मुस्लिम, बौद्ध. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात भेटणारी मंडळी हवीतच, पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस श्रद्धा जगायची ती या बाकावर. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केले आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाहार का नाही, हे रोजे धरणाऱ्या मित्राला फार समजावून सांगावे लागत नाही. उलट त्याने विचारलेल्या एका सरळ प्रश्नामुळे मुलगा स्वतःच्या उपवासाकडे पहिल्यांदा नीट बघतो. मित्राला आपल्या धर्मात ओढणे हा या मैत्रीचा हेतू नव्हे. तसा छुपा हेतू ठेवला की मैत्रीच खोटी पडते.

आणखी एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. पणजोबांना ज्या पंगतीत जागा नव्हती, तिथल्यांच्या नातवंडांबरोबर आज डबा वाटून खाल्ला जातो. आडनाव विचारून मैत्रीचे अंतर ठरवणारा मित्र भेटलाच, तर त्याला तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणणे हाही विश्वासाचाच भाग.

परनिंदेबद्दल फ्रान्सिस फार कठोर आहेत. निंदक एका वारात तीन जीव घेतो, असे ते सांगतात: स्वतःचा आत्मा, ऐकणाऱ्याचा आत्मा आणि ज्याची निंदा चालली आहे त्याचे समाजातले जगणे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीचा फोटो थट्टेसाठी फिरतो, तेव्हा हे तिन्ही घाव होतात. तो पुढे न पाठवणे ही झाली अर्धीच गोष्ट. तिच्याशेजारी दुसऱ्या दिवशी जाऊन बसणे हे उरलेले अर्धे.

याचा अर्थ भाविक मुलाने गंभीर चेहऱ्याने वावरावे असा नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अकुतिस यांच्यासोबत संत घोषित झालेले तुरिनचे पिएर जॉर्जो फ्रासाती डोंगर चढायचे, खोड्या काढायचे. १९२४ मध्ये त्यांनी मित्रांची एक टोळी जमवली. ती मौजमजेसाठीच होती, पण एकमेकांसाठी प्रार्थना हा तिचा पाया होता. पोलिओने ते गेले तेव्हा वय अवघे २४. अंत्ययात्रेला लोटलेली गरिबांची गर्दी पाहून मुलगा त्यांच्यासाठी काय करत होता ते घरच्यांना कळले.

सगळ्यात अवघड प्रसंग गुपिताचा. मित्र नशेत अडकलाय, स्वतःला इजा करतोय, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून शपथ घालतो. फ्रान्सिस विचारतात, मित्राचे गळू चिरायची हिंमत होत नाही म्हणून त्याला मरू द्यायचे, ही कसली मैत्री? जिवावरच्या गोष्टीत ती शपथ मोडायचीच असते. आई-बाबा, विश्वासातले सर किंवा मॅडम, फादर, सिस्टर, कुणा तरी मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. मित्र काही दिवस बोलणार नाही, बोलू नये तेही बोलेल. तरी त्याच्यासोबत राहायचे. कुणीच मोठे हाताशी नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर कोणत्याही वेळी फोन करता येतो.